मराठी घरातल्या आठवीच्या मुलीनं मँडरिन घ्यावी की स्पॅनिश?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी इंदूरला आठवीत, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर सगळीकडे हिंदी. आता शाळा म्हणते मँडरिन (म्हणजे चिनी) किंवा स्पॅनिश यांपैकी एक निवडा. ही चौथी भाषा तिला झेपेल का, आणि कोणती घ्यावी?

मी इंदूरमध्येच आठवी ते दहावीच्या मुलांना या दोन्ही भाषा शिकवते. झेपेल, अगदी नक्की. त्याचं मोठं कारण तुमच्या घरातली मराठी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

स्पॅनिशमध्ये मुलं पहिल्यांदा अडतात ती ‘गुस्तार’ या क्रियापदाशी. डोक्यात ‘आय लाइक’ धरून ती ‘यो गुस्तो’ म्हणून मोकळी होतात आणि वाक्य फसतं. मग मी त्यांना सराफ्यात रात्री काय काय खायला आवडतं ते सांगायला लावते आणि फळ्यावर मराठीत लिहिते: मला जिलबी आवडते, मला दहीवडे आवडतात. त्याच्याखाली स्पॅनिश: मे गुस्ता ला जिलबी, मे गुस्तान लोस दहीवडे. आवडणारी वस्तू एक की अनेक यावर क्रियापद बदलतं, ‘मला’ आहे तसंच राहतं. इंग्रजी पुस्तकात यासाठी दोन-दोन पानं खर्ची पडतात, इथे पाच मिनिटांत काम होतं. हिंदीतही वाक्य याच धाटणीचं असल्यामुळे बाकीचा वर्गही लगेच मान डोलावतो. पांढरा घोडा, पांढरी गाय म्हणणाऱ्या मुलीला ‘ब्लांको’ आणि ‘ब्लांका’ वेगळं शिकवावं लागत नाही. स्पॅनिशमध्येही असलेला तू आणि तुम्ही यांतला फरक तर तिला चालायला लागल्यापासून माहीत आहे. एकच सवय मोडावी लागते, इंग्रजी शाळेतल्या ‘ट’ची. टोमॅटोला स्पॅनिशमध्ये ‘तोमाते’ म्हणतात, आपला दातांवरचा स्वच्छ ‘त’.

मँडरिनबद्दल लोक घाबरवतात ते उच्चारांवरून. पण निरोपाचा साधा शब्द घ्या: चायच्येन. यातला पहिला च ‘चाका’तला आणि दुसरा ‘चहा’तला. मराठी मुलीच्या तोंडात दोन्ही आहेत. तिच्या हिंदी मैत्रिणीला पहिला मुद्दाम शिकावा लागतो. चीनने १९५८ साली स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लिपीतली पद्धत शाळेत वापरतात. ती इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा होतो. तिथे ‘बी’ अक्षर असेल तर आपला प म्हणायचा, ‘पी’ असेल तर फ, म्हणजे ‘फळा’तला, ओठ मिटून. तीच गोष्ट त-थ आणि क-ख यांची. हा भेद इंग्रजांना जड जातो, आपल्याला बाराखडीपासून पाठ आहे. ‘तू येतोस का?’ हे मँडरिनमध्ये ‘नी लाय मा?’, शब्दाला शब्द, आणि ‘का’च्या जागी शेवटी ‘मा’. काका, मामा, आत्या, मावशी यांना तिकडेही वेगवेगळी नावं आहेत, आणि ही नाती ओळीनं सांगताना मुलं फार खूश असतात.

खरे कष्ट आहेत सुरांचे आणि लिपीचे. ‘माय’ तिसऱ्या सुरात, म्हणजे आवाज खाली नेऊन म्हटलं तर ‘विकत घेणं’, चौथ्यात झटकन वरून खाली आणलं तर ‘विकणं’. मी वर्गात एकाला दुकानदार करते आणि एकाला गिऱ्हाईक. सूर चुकला की गिऱ्हाईकच माल विकायला लागतं. म्हणूनच पहिल्या काही तासांनंतर वहीत देवनागरीत उच्चार लिहू देत नाही, कारण सूर त्यात उतरत नाहीत. चिनी लिपीतल्या चित्राक्षरांना मात्र रोज हात लागावा लागतो. पंधरा मिनिटं का होईना, पण रोज. रविवारी एकदम दोन तास बसून ती अक्षरं टिकत नाहीत.

आता वेळेचा हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी मँडरिनला सुमारे २२०० तास धरते आणि स्पॅनिशला त्याच्या साधारण एक-तृतीयांश. शाळेत आठवड्याला ४० मिनिटांच्या तीन तासिका असल्या, तर ३५ आठवड्यांत ७० तास होतात. दहावीपर्यंत २१०. एवढ्यात स्पॅनिशमध्ये ती मोडकंतोडकं का होईना, पण पत्र लिहील, गप्पा मारील. मँडरिनमध्ये ओळख, खरेदी, रस्ता विचारणं इथवर येईल.

म्हणून माझं मत: फक्त शाळेच्या तासिकांवर भागवायचं असेल तर स्पॅनिश घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळेत शिकवण्याच्या परकीय भाषांमध्ये स्पॅनिशचं नाव आहे. आधीच्या मसुद्यात असलेलं चिनीचं नाव अंतिम धोरणात उरलं नाही. मुलीला अक्षरं गिरवायची, चित्रं काढायची आवड असेल आणि रोज बसायची तिची स्वतःची तयारी असेल, तर मँडरिनच द्या, अशा मुली वर्गात झपाट्याने पुढे जातात. मोठ्या माणसांनी ‘पुढे नोकरीला उपयोगी’ म्हणून लादलेली मँडरिन दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गळून पडताना मी पाहिली आहे, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

फी भरण्याआधी शाळेला दोन गोष्टी विचारा. भाषा दहावीपर्यंत चालू राहणार का? अनेक शाळांत अशी भाषा, म्हणजे शाळेच्या हिशेबातली तिसरी, आठवीतच संपते. आणि बाहेरच्या परीक्षेला बसवणार का? स्पॅनिशसाठी डेलेची शाळकरी मुलांकरता वेगळी परीक्षा आहे, मँडरिनसाठी एचएसके आणि मुलांची वायसीटी. शिक्षकांनाही भेटा आणि एखादा तास मागे बसून बघता येईल का ते विचारा. मुलं त्या तासात स्वतः किती बोलतात तेवढंच बघा. शिक्षकच बोलत असतील आणि मुलं उतरवून घेत असतील, तर भाषा कुठलीही असो, मी तिथे घालणार नाही.