घरात सापडलेल्या जुन्या कॉमिक्सची वर्गवारी आणि दर्जा घरच्या घरी कसा ठरवावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडच्या गावच्या घरात माळ्यावर वडिलांची टिनाची पेटी निघाली. तिच्यात इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा आणि नागराज-ध्रुवची हिंदी कॉमिक्स सगळी एकत्र कोंबलेली आहेत, आणि कोणतं कॉमिक किती चांगल्या अवस्थेत आहे हे तुम्हाला घरीच ठरवायचंय. मी वरुडकडच्या खेड्यात राहतो आणि बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पानं मोजा. मुखपृष्ठाची चमक नंतर बघा. आपल्याकडे एक कॉमिक एका पोट्ट्याने वाचून ठेवून दिलं असं सहसा झालेलं नाही. गल्लीभर फिरलं, एसटीत वाचलं गेलं, भाड्याने जाऊन परत आलं. या फिरण्यात पहिल्यांदा सुटतो तो मधला कागद. कॉमिक मधोमध उघडा, जिथे पिनांची टोकं आत वळलेली दिसतात तिथे. डावीकडच्या पानावरून उजवीकडे गोष्ट सरळ चालत असेल तर मधला कागद जागेवर आहे. संवाद तुटत असेल तर चार पानं गेली असं समजा. एकच पान कोणी फाडलं असेल तर त्याच कागदाचं दुसरं अर्ध मधल्या भागाच्या पलीकडे असतं, आणि ते सुटं झालेलं किंवा हलत असलेलं सापडतं. दोन्ही बाजू तपासा. कोडी आणि कूपन असलेली पानंही पालथी करून बघा. कूपन कापलं असेल तर मागच्या चित्राचा तुकडाही गेला असतो. माझ्या मते आपल्या भागातल्या कॉमिक्ससाठी पूर्णता हीच पहिली कसोटी. मुखपृष्ठ फाटलेलं पण सगळी पानं शाबूत असलेलं इंद्रजाल मी मधला कागद नसलेल्या कोऱ्या करकरीत प्रतीच्या वर ठेवतो.

हे काम दिवाळी ते संक्रांतीच्या दिवसांत करा. पावसाळ्यात कागद ओल धरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर लागतो आणि वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी दमट हवा थेट या कागदांवर येते, तेव्हा कूलरच्या खोलीत गठ्ठा सोडूच नका. ओसरीत बाजेवर धुतलेली पांढरी चादर अंथरा, हात कोरडे ठेवा आणि थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती इथे सोडा. आपल्या घरी डाळीपासून गाद्यांपर्यंत सगळ्यालाच ऊन दाखवतात, पण कॉमिक्सना दाखवू नका. हा स्वस्तातला कागद आहे, त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं आणि उजेडाने ते तपकिरी पडत जातं. कुबट वास जायला सावलीतली वारा खेळती जागा पुरते. वाळवीची माती लागलेली प्रत दिसली तर ती अंगणात वेगळी काढा, मऊ ब्रशने झटका आणि बाकीच्यांपासून काही आठवडे लांब ठेवा. कसर लागलेल्या प्रतींचंही तेच.

आता लावणी. आधी प्रकाशकानुसार, मग भाषेनुसार, मग क्रमांकानुसार. इंद्रजालचा नायक फँटम, म्हणजे मराठीतला वेताळ आणि हिंदीतला वेताल, एकाच गठ्ठ्यात घालू नका, संग्राहक भाषेनुसार जमवतात. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. सुरुवातीच्या अंकांवर सलग क्रमांक आहेत, पुढे खंड आणि अंक असे आकडे येतात, त्यामुळे 'खंड २०, अंक १' दिसला तर तो सुरुवातीच्या ढिगात टाकू नका. १२३ आणि १२४ हे अंक शोधत बसू नका, ते निघालेच नाहीत.

अमर चित्र कथेत जास्त लक्ष घालावं लागतं. अनंत पै यांनी ही मालिका १९६७ मध्ये सुरू केली आणि तिचे अंक पुन्हा पुन्हा छापले गेले, त्यामुळे जुनं शीर्षक म्हणजे जुनी प्रत असं होत नाही. मागचं मुखपृष्ठ बघा. तिथे बऱ्याचदा प्रकाशित अंकांची यादी असते. समजा हातातला अंक पन्नाशीतला आहे आणि यादी दोनशेच्या पुढे गेलेली आहे, तर ती प्रत नंतरची छपाई. किंमत आणि प्रकाशकाचा पत्ताही त्याच कामाला येतात. आणखी एक, या मालिकेची पौराणिक-ऐतिहासिक पुस्तकं ११ पासून सुरू होतात, कारण पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते.

नागराज १९८६ चा आणि ध्रुव १९८७ चा. त्यांच्या अंकांवर तारीख सापडेलच असं नाही, तेव्हा किंमत आणि आतल्या जाहिराती यांवरून मागचा-पुढचा क्रम लावा. चांदोबा मासिक होतं. त्याचा वेगळा गठ्ठा, महिना आणि वर्षानुसार.

दर्जासाठी अमेरिकेतली दहाची मोजपट्टी जगभर चालते. ९.४ म्हणजे जवळजवळ कोरी, ८ म्हणजे फार चांगली, ६ बरी, ४ वाचलेली पण ठाकठीक, २ चांगलीच वापरलेली पण पूर्ण, १ खराब आणि ०.५ अगदी मोडकी. आपल्या पेट्यांतल्या बहुतेक प्रती २ ते ४ मध्ये बसतात आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. सकाळचा तिरपा उजेड येतो तिथे कॉमिक जवळजवळ आडवं धरा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या मुखपृष्ठावर मग घड्या दिसू लागतात. घडीवर रंग उडून पांढरी रेघ आली असेल तर ती मोठी खोट. रंग शाबूत असेल तर किरकोळ. मग पाठीचा कणा, म्हणजे पिना मारलेली घडीची कड, बघा. पिनांच्या वरखाली बारीक आडव्या पांढऱ्या रेघा असतात, त्या किती आहेत आणि किती लांब आहेत ते बघा. पिन गंजली असेल तर भोवती तांबूस वर्तुळ पसरलेलं असतं. ते वहीत लिहा, पिन मात्र काढू नका. दोन आकड्यांमध्ये मन अडलं तर खालचा घ्या. महिनाभराने पहिला आकडा झाकून परत बघा, बऱ्याच प्रती अर्ध्या-एका गुणाने खाली येतात.

वडिलांचं नाव शाईने लिहिलेलं असेल तर खोडू नका. मोजपट्टीवर गुण कमी होतील, होऊ द्या. भाड्याच्या वाचनालयाचा शिक्काही राहू द्या आणि नोंदीत स्पष्ट लिहा.

सेलोटेप मात्र लावायचीच नाही. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा-तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि तो काढता येत नाही. कडा सारख्या करायला कात्री लावणं, इस्त्री फिरवणं, लॅमिनेशन करणं, हे सगळं टाळा. दहा-बारा अंक एकत्र शिवलेला बांधीव गठ्ठा असेल तर तो उसवू नका. बाइंडिंगवाल्याने कडा आधीच कापलेल्या असतात, शिवण उसवली की पाठही जाते. तसाच ठेवा आणि आतले क्रमांक लिहून घ्या.

टिनाच्या छपराखालची टिनाची पेटी आपल्या मे महिन्यात भट्टीच होते, तेव्हा परत तिच्यात भरू नका. प्रत्येक प्रत पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून उंच. मऊ, वास येणारं प्लास्टिक नको, रबरबँड आणि सुतळीही नको. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

पुढेमागे विकायची झाली तर जाहिरातीत मागितलेले भाव बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींचे बघा. घेणाऱ्याला पाच फोटो द्या: पुढचं मुखपृष्ठ, मागचं, पाठीचा कणा, पिनांसकट मधलं पान आणि सगळ्यात वाईट खोट जवळून.