नवीन घराच्या डीबीत एकच आरसीसीबी पुरेसा आहे का, की तोही वगळावा?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: डीबी (घरातील सर्व सर्किटांचे स्विच जिथे बसतात ती वितरण पेटी) केवढा घ्यावा, कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि आरसीसीबी (अर्थमध्ये प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) 'उगाच ट्रिप होत राहतो' म्हणून तो वगळण्याचा वायरमनचा सल्ला मानावा का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मुळीच मानू नका. एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. अंगातून 100 मिलिअँपिअर गेले तरी 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही, आणि तेवढा प्रवाह एखादा सेकंद टिकला तर जीव जाऊ शकतो.

हाच वाद आमच्या घरात झालेला असल्यामुळे मी सविस्तर लिहीत आहे. नवे वायरिंग झाल्यापासून आमचा आरसीसीबी वारंवार ट्रिप होत असे, आणि तोही बहुधा इस्त्री लावल्यावर. इस्त्री तपासली, तिच्यात काही दोष नव्हता. वायरमनने आरसीसीबी बदलून पाहिला. नवाही ट्रिप होऊ लागला. तेव्हा त्याने तो बायपास करून देण्याची तयारी दाखवली आणि आमच्या थोरल्या बंधूंनी त्याची बाजू घेतली. दादांचे म्हणणे असे, की इतकी वर्षे याच्याशिवाय घरे चाललीच ना. मी बायपास करू दिले नाही आणि दोष शोधूनच द्यावा असा आग्रह धरला.

वायरमनने एकेका सर्किटचा एमसीबी खाली पाडून पाहिले होते आणि तरीही खटका पडतो म्हणून सर्व सर्किटे निर्दोष ठरवली होती. परंतु सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जोडलेलाच राहतो. म्हणून मी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरील (सर्व न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवरील) तारा एकेक करून सोडवायला लावल्या आणि प्रत्येक न्यूट्रल व अर्थ यांमध्ये मेगर (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावून घेतला. गीझरच्या न्यूट्रलवर काटा शून्यापाशी आला. बाथरूमबाहेरील स्विचची प्लेट काढल्यावर कारण समोर दिसले: प्लेटच्या स्क्रूखाली काळी तार चेपली गेली होती, तिचे आवरण कापले गेले होते आणि आतले तांबे लोखंडी बॉक्सच्या कडेला टेकले होते. इस्त्रीसारखा मोठा लोड सुरू झाला की परतीच्या प्रवाहाचा काही भाग त्या स्पर्शातून अर्थमध्ये जात असे, आणि आरसीसीबी तेवढीच तफावत मोजून आपले काम चोख करीत होता. तार बदलल्यावर ट्रिप होणे थांबले.

दादा अजूनही म्हणतात, की तो न्यूट्रल होता, त्याने कोणाला शॉक बसला नसता. त्या तारेपुरते ते खरे आहे. पण त्याच बॉक्समध्ये त्याच स्क्रूशेजारी फेजची तारही होती. ती चेपली असती आणि त्या बॉक्सचे अर्थिंग ढिले असते, तर बॉक्समध्ये आणि प्लेटच्या स्क्रूमध्ये करंट उतरला असता. बायपास केलेल्या घरात ही गोष्ट हात लागल्यावरच कळते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी लावू नका. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15च्या पुढे केव्हाही ट्रिप होऊ शकतो, आणि अनेक उपकरणांची किरकोळ गळती एकत्र होऊन तेवढी सहज भरते; शिवाय एका गीझरपायी रात्री सगळे घर अंधारात जाते. तसे झाले की बायपासचा सल्ला देणाऱ्यांचे फावते. निदान दोन तरी घ्या. जमत असेल तर गीझर, स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेरचे प्लग यांना वेगवेगळे आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी दोन्हींचे काम एकत्र करणारे स्विच) द्या. इन्व्हर्टर प्रकारचा एसी किंवा वॉशिंग मशीन असेल तर आरसीसीबी 'टाइप एसी' (फक्त साध्या एसी प्रवाहाची गळती ओळखणारा) न घेता 'टाइप ए' (स्पंदित डीसी गळतीही ओळखणारा) घ्या. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले तर दोन्ही ट्रिप होत राहतील, म्हणून प्रत्येकाची न्यूट्रल लिंक वेगळी ठेवून घ्या आणि तारांवर नावे लावून घ्या. एमसीबीचे रेटिंग वायर पाहून ठरवा: दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला 10 अँपिअरपेक्षा मोठा एमसीबी मी लावू देत नाही. हे सगळे मोजून होईल त्यापेक्षा चार-सहा जागा जास्त असलेला डीबी घ्या. नामवंत कंपन्यांमध्ये फारसा फरक नाही. मात्र सर्व मॉड्यूल एकाच कंपनीचे असावेत, म्हणजे बसबार (मॉड्यूलांना जोडणारी तांब्याची पट्टी) नीट बसतो.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला तफावत दिसत नाही आणि तो वाचवू शकत नाही. त्यात ओव्हरलोडचे संरक्षण नसते, त्यामुळे एमसीबी लागतोच. विजेच्या उसळीसाठी एसपीडी (अचानक वाढलेला दाब अर्थमध्ये वळवणारे उपकरण) वेगळा लावावा लागतो, आणि अर्थिंग चांगले नसेल तर त्याचा उपयोग फार कमी होतो. आरसीसीबीवरील टेस्टचे बटण काही महिन्यांनी दाबून पाहा, परंतु ते केवळ यंत्रणा चालते एवढेच दाखवते; अर्थिंग कसे आहे हे वेगळे मोजून घ्यावे लागते, आणि ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.