पाळी दोन महिने आली नाही, टेस्ट निगेटिव्ह आहे. कारण काय असेल, डॉक्टरकडे कधी जावं?

वय २४ लिहिलंयस म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस. शेवटी तू लिहिलंयस, "कुठलंही औषध चालू नाही." तेवढं वाचून लिहायला बसले, कारण मीही डॉक्टरांना अगदी हेच सांगितलं होतं आणि ते खरं नव्हतं.

२०१८ ची गोष्ट. मी नाशिकला पतपेढीत कामाला होते, मार्च एंडची धावपळ, डबा कधी चारला खायचा तर कधी तसाच घरी परत, त्यात ॲसिडिटी. मेडिकलवाल्याने एक कॅप्सूल दिली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, बरं वाटलं म्हणून मी ती रोजच घेत राहिले, महिनोन्महिने. पाळी आधी दहा दिवस लांबली, मग वीस, मग बंदच. लग्न झालेलं नव्हतं त्यामुळे घरात कुजबुज आणि आत्याचा सल्ला, की स्थळं बघायला घ्या, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी काही न तपासता पीसीओडी (हार्मोन बिघडून अंडाशयाला होणारा त्रास) म्हणून हार्मोनच्या २१ गोळ्यांची पाकिटं दिली. पाकीट संपलं की पाळी यायची, आत्या म्हणायची बघ झालं ना, आणि तीन महिन्यांनी गोळ्या थांबवल्या तर परत काहीच नाही. गोळीने पाळी आणली म्हणजे मूळ कारण गेलं असं होत नाही, हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही. त्यात छातीतून दुधासारखं यायला लागलं, कुर्त्यावर डाग पडायचे, मी आत रुमाल ठेवून कामाला जायचे पण आईलाही बोलले नाही. लग्नाआधी दूध येतंय हे तोंडातून काढायचं कसं.

शेवटी आईने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं, आत्याही सोबत आली. डॉक्टरांनी आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट सांगितली तर आत्या उठून उभीच राहिली, आमची मुलगी तसली नाही म्हणून. मी आजही तिला हेच सांगते की पाळी चुकलेल्या प्रत्येकीची ती टेस्ट होते, ते बघितल्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही, त्यात कुणाच्या मुलीवर संशय नसतो. मग त्यांनी आत्याला बाहेर बसवलं आणि छातीतून काही येतं का असं सरळ विचारलं, तेव्हा मी रडले. थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, मात्र ९६, आणि लॅबची वरची मर्यादा २५. गोळ्या कुठल्या चालू आहेत? कुठल्याच नाहीत. ॲसिडिटीची पण नाही? ती होती की पर्समध्ये, पण तिला मी औषधात धरतच नव्हते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडॉन लिहिलेलं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या प्रोलॅक्टिनवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो, डोम्पेरिडॉन तो सैल करतं, मग शरीर असं वागायला लागतं जणू बाळ अंगावर पितंय, आणि पाळी थांबते. कॅप्सूल बंद केली, सहाव्या आठवड्यात पाळी आली, प्रोलॅक्टिनही उतरलं.

तुझं कारण हेच असेल असं नाही. पीसीओडी, थायरॉईड, वजन एकदम कमी किंवा जास्त होणं, भरतीसाठी पळणाऱ्या मुलींसारखा जास्त व्यायाम आणि कमी खाणं, परीक्षेचं टेन्शन, गर्भनिरोधक इंजेक्शन, आपल्याकडे गर्भाशयाचा टीबीसुद्धा, बरंच काही असतं. टेस्ट फार लवकर केली असशील तर आठवड्याने पुन्हा कर. एखादी पाळी पुढेमागे झाली तर घाबरायचं नाही, पण नियमित असणारीची तीन महिने आली नाही तर जायचंच. आधीपासून अनियमित असेल तर फार तर सहा महिने, मी तर म्हणेन तेवढंही अंगावर काढू नकोस. दूध येत असेल, डोकं दुखून नजर अंधुक होत असेल, अंगाला वाफा येत असतील तर तीन महिनेसुद्धा थांबू नकोस. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात जोरात दुखलं, चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. पपई, तीळगूळ खाऊन वाट बघत बसू नकोस.

हो, एक राहिलं, माझं वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नकोस, मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं पण ती अचानक सोडणं धोक्याचं असतं. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव, आयुर्वेदिक आणि जिममधल्या पावडरीसकट.

आत्याची नात आता सोळाची झाली, अजून तिला पाळीच आलेली नाही, आणि आत्या म्हणते आमच्यात उशिराच न्हाण येतं. पंधरा पूर्ण झाल्यावरही आली नाही तर दाखवायचं असतं, हे मी दिवाळीत तिला तीनदा सांगितलं. रविवारी मीच जाणार आहे त्या पोरीला घेऊन, डॉक्टरांची वेळ घेतली आहे.