फोटोच्या डिटेल्समध्ये तारीख, कॅमेरा, लोकेशन काहीच दिसत नाही. माहिती उडाली की सॉफ्टवेअर वाचत नाही?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स असं गेल्यावर काही फोटोंची माहिती दिसते आणि काहींची कोरी. शिवाय फोटो बघायचं नेहमीचं सॉफ्टवेअर अपडेटनंतर माहितीचं पानच उघडत नाही. यात कामाचा शब्द ‘काही’. काही फोटोंची माहिती दिसते, म्हणजे विंडोज ठीक आहे. त्यामुळे रीइन्स्टॉलच्या मागे लागू नका, आधी फाइल तपासा.

सर्वात झटपट तपासणी नोटपॅडने होते. फोटोची कॉपी करा (मूळ फाइल अजिबात नको, चुकून सेव्ह झालं तर फोटो कायमचा गेला) आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण पहिल्या ओळीकडे नीट बघा. तिथे ‘एक्झिफ’ (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये लिहितो ती तारीख, मॉडेल, लोकेशन अशी माहिती) हा रोमन अक्षरांतला शब्द आणि आसपास मोबाइल कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव दिसलं, तर माहिती फाइलमध्ये शाबूत आहे, फक्त तुमचं सॉफ्टवेअर ती दाखवत नाहीये. नुसतंच ‘जेएफआयएफ’ (जेपीजी फाइलची साधी ओळख) असेल आणि शोधूनही ‘एक्झिफ’ सापडत नसेल, तर कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती बहुतेक वाटेतच निघून गेली आहे. दोन्ही शब्द एकत्रही असू शकतात, त्यात काही गैर नाही.

त्याच पहिल्या ओळीत आणखी एक भानगड उघडी पडते. फाइलच्या नावाला शेपूट ‘जेपीजी’चं, पण सुरुवातीला ‘पीएनजी’ किंवा ‘एफटीवायपी’ला चिकटून ‘एचईआयसी’ (आयफोनचा फोटो फॉरमॅट) अशी अक्षरं. आयफोनच्या फोटोंचं कोणीतरी नुसतं नाव बदललं की असं होतं. नाव बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही. एक्सप्लोरर मात्र नावाच्या शेपटावर विसंबून जेपीजीचा वाचक लावतो आणि हात हलवत परत येतो. शेपूट पुन्हा एचईआयसी करा. तरीही कोरंच दिसलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्सटेन्शन्स’ घ्या, ते फुकट आहे.

फाइल कुठे आहे हेही बघा. केबलने जोडलेल्या फोनच्या फोल्डरमध्ये थेट प्रॉपर्टीज उघडल्या तर फारसं काही दिसत नाही, झिपच्या आतल्या फाइलचंही तेच. वनड्राइव्हवर निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर फाइल अजून तुमच्या डिस्कवर उतरलेलीच नाही. तिन्ही प्रकारांत फोटो आधी साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग बघा.

आता सॉफ्टवेअर. माझ्या मते यासाठी एक्झिफटूल सोडून दुसरीकडे वेळ घालवू नये. फिल हार्वी यांनी लिहिलेलं, फुकट, जाहिराती नाहीत, आणि फाइलच्या नावाकडे न बघता आतले बाइट बघून प्रकार ठरवतं. विंडोजसाठी झिप येते, तिच्यात एक ईएक्सई आणि ‘एक्झिफटूल_फाइल्स’ नावाचं फोल्डर असतं. बहुतेकांची चूक इथेच होते: फक्त ईएक्सई डेस्कटॉपवर ओढतात आणि ते सुरूच होत नाही. दोन्ही शेजारी शेजारीच ठेवा.

कमांड टाइप करायची गरज नाही. ईएक्सईच्या नावात कंसात ‘-के’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काम झाल्यावरही खिडकी उघडी ठेव. फोटो उचलून त्या ईएक्सईवर टाका, काळ्या खिडकीत सगळी यादी येते. यादी लांब असेल तर कंसातला मजकूरच बदला: ‘-ए -यू -जी१ -डब्ल्यू टीएक्सटी’, अर्थात रोमन लहान अक्षरांत आणि मध्ये इथे दाखवल्याप्रमाणे स्पेस देऊन. आता फोटो टाकला की त्याच्या शेजारी टेक्स्ट फाइल तयार होते. ‘-ए’मुळे एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर दोन्ही दिसतात, ‘-जी१’मुळे कोणती नोंद फाइलच्या कोणत्या भागातून आली ते कळतं.

आपल्याकडची खास अडचण: फाइलचं नाव देवनागरीत असेल, ‘गणपती २०१९’ वगैरे, तर विंडोजवर एक्झिफटूल अडखळू शकतं आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणतं. कॉपीला रोमनमध्ये एकअक्षरी नाव द्या, काम होतं.

मॅक वापरणाऱ्यांसाठी: फाइंडरमधलं ‘गेट इन्फो’ स्पॉटलाइटच्या, म्हणजे मॅकच्या शोधयंत्रणेच्या, नोंदींवर चालतं, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर ते बरेचदा रिकामं असतं. प्रिव्ह्यूमध्ये फोटो उघडून कमांड-आय दाबा. ते थेट फाइल वाचतं.

फोटो बघायला इरफानव्ह्यू हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक लक्षात घ्या. माहितीच्या खिडकीत एक्झिफचं बटण दिसलं नाही तर त्याचे दोन अर्थ होतात: फोटोत एक्झिफ नाही, किंवा प्लगइन्सचं वेगळं पॅकेज टाकलेलं नाही. ज्याची माहिती नक्की आहे असा ताजा फोटो उघडून आधी खात्री करा.

यादी हातात आली की तारखांमध्ये गोंधळू नका. ‘डेट क्रिएटेड’ म्हणजे ही फाइल या डिस्कवर कधी आली. कॉपी केली की ती नवी होते, म्हणून ती ‘डेट मॉडिफाइड’च्या नंतरचीही दिसते. फोटो काढल्याची वेळ ‘डेट-टाइम ओरिजिनल’मध्ये असते. ती म्हणजे फोनच्या घड्याळातली वेळ. टाइमझोन लिहायची सोय एक्झिफमध्ये २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या फोटोंत तो नसतो. पण लोकेशन असेल तर जीपीएसची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक निघाला तर फोन भारतीय वेळेवर होता, चार तासांचा निघाला तर दुबईच्या.

लोकेशन विंडोजमध्ये ‘१८, ३१, १३.२’ असं दिसतं, म्हणजे अंश, मिनिटं, सेकंद. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज केली की १८.५२०३. रेखांशाचंही तसंच, ७३, ५१, २४ चे ७३.८५६७. हे दोन आकडे नकाशात टाकले की पुणे येतं. नेमकं म्हणूनच ऑनलाइन ‘एक्झिफ व्ह्यूअर’ साइटवर घरचे फोटो चढवू नका. घराचा पत्ता फुकट वाटल्यासारखं होतं.

अर्धवट कॉपी झालेला, खालून करडा दिसणारा किंवा उघडतच नसलेला फोटो असेल तरी एक्झिफटूलवर टाकून बघा. जेपीजीमध्ये एक्झिफ फाइलच्या सुरुवातीलाच, ६४ केबीच्या आत बसलेला असतो, त्यामुळे चित्र गेलं तरी तारीख आणि कधी कधी आतलं छोटं थंबनेलही वाचतं.

आणि माहिती खरंच गेली असेल तर? फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ आहे का बघा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं, एचडी निवडलं तरी. त्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसून व्हॉट्सअ‍ॅपवरून गेल्या-आल्याची असते. अशा फाइलमधून कोणतंही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही, तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नका. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आयफोनवरून येणार असेल तर त्याला शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोकेशन’ आणि ‘ऑल फोटोज डेटा’ चालू ठेवायला सांगा. फोटो गूगल फोटोजमध्ये असतील तर टेकआउटने (गूगलमधला आपला डेटा उतरवायची सोय) उतरवा. तिथे हाताने बदललेल्या तारखा फोटोच्या फाइलमध्ये न येता शेजारच्या जेसन फाइलमध्ये (माहिती साठवणारी साधी टेक्स्ट फाइल) येतात, तेव्हा ती कचरा समजून डिलीट करू नका.