मानववंशशास्त्र घेऊन बीए

प्रश्न : मी खानापूरची, बारावी कला शाखेतून झाले. मानववंशशास्त्र मुख्य विषय घेतला तर विज्ञान नसल्याने अडेल का?

उत्तर : सहसा नाही. हाडांची मापे, आनुवंशिकता यांसाठी जादा वाचन मात्र लागेल. खरा कस क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांमध्ये जाऊन माहिती गोळा करण्यात. वंशावळ काढायला आत्ताच शिका: पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर आडव्या रेषा. नात्याचे नाव लिहून थांबू नका, ‘आईचा भाऊ’ असे जोडणी दाखवून लिहा. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न होते, काही कन्नड कुटुंबांत थोरल्या बहिणीच्या मुलीशीही. मग एकच माणूस दोन्हीकडून नातलग ठरतो आणि तक्ता चुकतो. मुलाखतीची टिपणे त्याच रात्री सविस्तर उतरवा, उशीर झाला की बोलणाऱ्याचे शब्द जाऊन आपलेच उरतात. कन्नड येत असेल तर फारच उत्तम! धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे. पदवीला हा विषय कोणत्या महाविद्यालयात मिळतो, हे तिथेच विचारा.