सुई हलली की हात पळतो

"मॅडम, मी पायलट व्हायच्या लायकीचा नाही बहुतेक." ट्रेनिंग घेणारी पोरं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बऱ्याचदा हेच वाक्य घेऊन. हा मुलगा २२ वर्षांचा (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय), वडिलांनी जमीन विकून फी भरलेली, बाकी उड्डाण उत्तम पण सिम्युलेटरमधे आयएलएस (बाहेर दिसत नसलं तरी रेडिओ सिग्नलवर, डायलवरच्या सुया बघत रनवेकडे उतरायची पद्धत) लावलं की घाम फुटायचा.

मी म्हटलं लॅपटॉप आण, मला दाखव. मला विमानातलं काही कळत नाही, त्यानेच समजावलं, लोकलायझर म्हणजे डावं-उजवं, ग्लाइडस्लोप म्हणजे वर-खाली, ३ अंशाचा उतार, ९० नॉटचा वेग असेल तर मिनिटाला साधारण ४५० फूट उतरायचं, आणि ग्लाइडस्लोप नेहमी खालून पकडायचा. हे सगळं एका दमात, कुठे अडखळला नाही. मग उडवायला लागला. लोकलायझरची सुई उजवीकडे अर्धा डॉट (डायलवरची खूण) सरकली, याने लगेच २० अंश वळवलं, सुई मधून सुसाट पलीकडे गेली, याने परत उलटं वळवलं. रनवे जवळ येतो तशी सुई आणखी नाजूक होते, मग तर नुसती झुंजच. मी सुईकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. तेवढा वेळ पोराने श्वासच घेतला नव्हता.

"५ अंश वळव आणि थांब, असं सर सांगतात ना?" "सांगतात, पण थांबवतच नाही हो मॅडम."

म्हणजे माहिती होती, थांबणं सोसत नव्हतं. मग आम्ही एवढंच केलं, "पाच उजवीकडे" असं मोठ्याने म्हणायचं, एक लांब श्वास सोडायचा आणि तो संपेपर्यंत हात हलवायचा नाही.

पण खरी गाठ तिसऱ्या भेटीत सापडली. २०० फुटांवर रनवे दिसला नाही तर गो-अराउंड करायचं, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं, हा नियमच आहे, आणि याच्या डोक्यात गो-अराउंड म्हणजे नापास, बाबांची जमीन गेली. ते बोलताना रडला, मी रडू दिलं. असं वाटणाऱ्या सगळ्यांना मनापासून सांगते, रनवे दिसत नसताना परत वर जाणारा पायलट चुकलेला नसतो, त्याने काम नीट केलेलं असतं.

मागच्या आठवडयात त्याने मुद्दाम दाट धुकं लावलं. २०० फूट, रनवे नाही. "गो-अराउंड" म्हणाला, थ्रॉटल पुढे, नाक वर. आवाज अगदी साधा होता. मग म्हणाला, "मॅडम, परत एकदा लावू?"