तीन भागिले चार : ‘भाग जात नाही’

‘चौथीपर्यंत हिला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. अपूर्णांक सुरू झाले आणि आता वही उघडली की रडते. हिला डिस्कॅल्क्युलिया तर नसेल ना?’ पाचवी-सहावीतल्या मुलांचे पालक माझ्याकडे हा प्रश्न नेहमी घेऊन येतात. (डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकड्यांची समज आणि साधे हिशेब यांतच येणारी शिकण्याची अडचण.) त्यातल्याच एका मुलीची ही हकिगत, ओळख पटेल असे तपशील वगळून.

मुलगी सहावीतली. घड्याळ नीट सांगायची, दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणायची, 83 मोठे की 38 याला अडखळत नव्हती, साध्या बेरजेला बोटं लागत नव्हती. अशा मुलीला तपासणीला पाठवायची मला घाई नसते. आईंना होती, त्या इंटरनेटवर बरंच वाचून आल्या होत्या.

तिला 13 भागिले 4 दिलं. ‘भागाकार 3, बाकी 1.’ मग 3 भागिले 4. तिनं पेन्सिल खाली ठेवली. ‘भाग जात नाही.’ उत्तर काय लिहिशील? ‘शून्य, बाकी तीन.’ शाळेत आधी हेच बरोबर धरलं जायचं, तेव्हा तिला दोष कसा द्यायचा? शेजारी मी 3/4 लिहिलं. ‘तीन छेद चार. चार भाग करून तीन रंगवायचे.’ या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

कागदाच्या तीन गोल चकत्या तिच्यापुढे ठेवल्या. तीन पोळ्या, चार माणसं, सगळ्यांना सारखं वाटायचं आणि बाकी ठेवायची नाही. तिनं दोन चकत्या निम्म्या कापल्या, तिसरीचे चार तुकडे केले. प्रत्येकाला अर्धी आणि वर पाव. ‘पाऊण!’ मग तिची नजर 3/4 वर गेली. ‘म्हणजे ही मधली रेघ भागाकाराचीच?’

त्यानंतर 13 भागिले 4 ती स्वतःहून पुन्हा करायला बसली. उरलेली एक पोळीही चौघांत वाटली आणि उत्तर आलं सव्वातीन.

आईंचीही एक शंका होती : 2 भागिले 1/4 केलं तर उत्तर 8 येतं, भागून संख्या वाढते कशी? दोन लिटर दूध पाव लिटरच्या मापानं मोजा, म्हटलं, माप आठ वेळा भरेल. ‘उलटवून गुणा’ हा नियम मुलांनी त्यानंतर शिकावा, आधी नाही. घरी जादा गणितं घालू नका, पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द बोलण्यात येऊ द्या, एवढंच सांगितलं. (आजोबांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, पाठ असतील तर उत्तमच. इंग्रजी माध्यमातल्या कित्येक मुलांना ‘पाऊण’ फक्त घड्याळातला माहीत असतो, तोही कधीकधी नाही.)

तपासणी कधी करावी? संख्यांचा लहानमोठेपणा, साधी बेरीज-वजाबाकी, घड्याळ, पैसे यांतच मूल नीट शिकवूनही दीर्घकाळ अडखळत असेल, तर जरूर करावी. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये डिस्कॅल्क्युलियाचा समावेश विशिष्ट अध्ययन अक्षमतेत आहे, त्यामुळे निदान झालं तर मदतीचा मार्गही आहे. या मुलीला त्याची गरज पडली नाही.